मोड



आमच्या घरी पितळेचा एक गुंड होता. आईच्या लग्नात आलेला. गळ्याच्या जरा खाली टिंबाटिंबांनी तिचं माहेरचं नाव कोरलेलं आणि पुढे साल, १९६१. कोरणाऱ्याने तिच्या नावातली ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करून ठेवली होती. आई चौथीपर्यंत शिकलेली. ती चूक तिला ठाऊक होती आणि मला अक्षरं शिकवताना ती हटकून त्या वेलांटीवर बोट ठेवायची. दीर्घ वेलांटी कशी असते, ते मी पाटीवर शिकलो नाही, त्या गुंडावर शिकलो.

२०२० च्या ऑगस्टअखेरीला वैनगंगा भंडारा शहरात शिरली. वर मध्य प्रदेशात शिवनीकडे संततधार लागली होती, संजय सरोवरातून पाणी सोडलेलं होतं. खाली गोसेखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडलेले होते. आपल्यापैकी अनेकांनी ते दोन-तीन दिवस गच्चीवर, नाहीतर नातेवाइकांकडे काढले आहेत, त्यामुळे मी वर्णन करत बसत नाही. पाणी ओसरल्यावर घरात शिरलो तेव्हा मागच्या खोलीची मातीची भिंत बसलेली होती आणि गुंड तिच्याखाली होता. एका अंगाने पार फाटला होता.

मी तो धुतला, पुसला आणि माळ्यावर ठेवायला निघालो. आई म्हणाली, "ठेवून काय करतोस? मोडीत दे." मला ते लागलं. मी म्हटलं, तुझं नाव आहे त्याच्यावर. तेव्हा तिने मला साठ वर्षांत कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. लग्नाच्या वेळी घरात पैसा नव्हता. तिच्या आईने आपली कळशी कासाराकडे मोड म्हणून घातली होती आणि वर थोडे पैसे भरून हा गुंड घेतला होता. "म्हणजे त्याच्यात आजीची कळशी आहेच," आई म्हणाली, आणि चुलीकडे वळली. त्या दिवशी मटकीला मोड आलेले होते. ओल्या फडक्याची पुरचुंडी सोडून ती मला म्हणाली, बघ, किती छान मोड आलेत.

तुटक्या भांड्यालाही मोड म्हणायचं आणि कोंबालाही मोडच म्हणायचं. या दोन शब्दांची मुळं एक आहेत असा माझा दावा नाही. व्युत्पत्तीवाले मला उभं करणार नाहीत. पण एका बाईच्या तोंडून एका सकाळी हे दोन्ही शब्द मी ऐकले, आणि पडझड आणि उगवण यांवर बोला असं जेव्हा आपण मला सांगितलंत, तेव्हा मला दुसरं काही आठवलं नाही.

या शहराची पितळेची ओळख आपण जाणतोच. स्टीलने आणि प्लॅस्टिकने हा धंदा फार खाली आणला, तरी ज्यांनी अजून भट्टी पेटती ठेवली आहे त्यांच्याकडे मी तो गुंड घेऊन गेलो. कोपऱ्यात मोडीचा ढीग होता. समईचा दांडा, घंगाळाचा एक कान, देवघरातली घंटी, झाकण नसलेला डबा, कुणाच्या तरी पानपुड्याचं बूड. कारागिराने गुंड उलटा करून पाहिला, डाख लावलेली जागा छिन्नीने काढून बाजूला टाकली. डाखातलं शिसं आणि कथील मोडीत गेलं तर पितळ बिघडतं. मग तुकडे मुशीत गेले. भट्टीतून पांढरा धूर वर आला आणि मी विचारलं, हे काय जळतंय? तो म्हणाला, "जस्त." पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तांब्याच्या आधी जस्त उडून जातं. दर वेळी वितळवताना थोडं जातंच. म्हणून दर वेळी थोडं नवं जस्त वरून घालावं लागतं. घातलं नाही तर रंग तांबूस होत जातो, आणि चार पिढ्यांनी ते पितळच राहत नाही.

मला आज जे सांगायचं आहे ते या धुरात होतं. पडणं आपोआप होतं. उगवणं तसं होत नाही, त्यात दर वेळी काही तरी उडून जातं आणि ते कुणाला तरी वरून घालावं लागतं. चक्र म्हणून आपण ज्याला हात जोडतो, ते कुणाच्या तरी हातांनी फिरत असतं.

आता मी बाराशे वर्षं मागे जातो, आणि फार लांब जात नाही. आमगावजवळच्या पद्मपूरला जातो. आज ते गोंदिया जिल्ह्यात येतं. १९९९ च्या मे महिन्यापर्यंत ते आपल्याच जिल्ह्यात होतं. आठव्या शतकातल्या भवभूतीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत आपल्या पूर्वजांचं गाव पद्मपूर सांगितलं आहे, आणि ते हे पद्मपूर होय असं वा. वि. मिराशी यांनी मांडलं. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांनी आम्हांला नववीच्या वर्गात 'उत्तररामचरिता'ची गोष्ट सांगितली होती. पुस्तकात नव्हती. तास रिकामा होता म्हणून सांगितली. पडून गेलेलं पुन्हा कसं उभं राहतं, या एका प्रश्नावर या मातीतल्या माणसाने लिहिलेलं ते सगळ्यात मोठं नाटक आहे.

त्या नाटकाच्या पहिल्या अंकातच चित्रं आहेत. राम, सीता आणि लक्ष्मण आपल्या गतआयुष्याची चित्रमाला बघत फिरतात. वनवास, हरण, युद्ध, सगळं रंगवलेलं. दुःख भोगून झालंय, आता ते भिंतीवर आहे, आणि ते बघताना सीतेला पुन्हा एकदा त्या अरण्यात जावंसं वाटतं. तिची ती इच्छाच तिच्या त्यागाचं निमित्त होते. कला म्हणजे भूतकाळाची सुरक्षित जागा, असं समजणाऱ्याला भवभूती पहिल्याच अंकात सावध करतो.

मग बारा वर्षं जातात. दुसऱ्या अंकात राम दंडकारण्यात परत येतो आणि त्याला अरण्य ओळखू येत नाही. नदीची धार जिथे होती तिथे वाळवंट पडलंय, जिथे दाट झाडी होती तिथे विरळ झालीय आणि विरळ होती तिथे गर्दी. हे तेच रान आहे, हे त्याला कळतं ते फक्त डोंगरांवरून. कारण डोंगर जागचे हललेले नसतात.

गुरुजी हे सांगत होते तेव्हा आम्हांला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. पुढे एका उन्हाळ्यात, गोसेखुर्दचं पाणी उतरलेलं असताना, मी पवनी तालुक्यातल्या काठावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याबरोबर उभा होतो. त्याचं गाव बुडालेलं. पुनर्वसनाच्या गावात त्याला प्लॉट मिळालेला. समोर तडकलेला गाळ, मध्येच एखादं जोतं, एक वठलेलं झाड. मी विचारलं, तुमचं घर कुठे होतं? त्याने जमिनीकडे पाहिलंच नाही. त्याने आधी लांबच्या टेकडीकडे बोट केलं, मग दुसऱ्या टेकडीकडे, आणि मग त्या दोहोंच्या मधून हात खाली आणत म्हणाला, "इथं." मला दुसरा अंक तिथे कळला.

२२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. कुणाच्या शेतात कालव्याचं पाणी आलं, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण पुनर्वसनाविषयी बोलताना एक उपमा मी फार ऐकली. धानाचे पऱ्हे उपटून दुसऱ्या बांधीत रोवले की जोमाने वाढतात, तशी ही माणसं नव्या गावठाणात वाढतील, अशी. मी शेतकऱ्याच्या घरातला आहे. पऱ्हे उपटले की पहिले काही दिवस ते माना टाकतात, पिवळे पडतात, आणि मग एके सकाळी बांधी हिरवी दिसते, हे मी दर पावसाळ्यात पाहिलं आहे. पण पऱ्हे टाकतानाच शेतकऱ्याने ते उपटण्यासाठी टाकलेले असतात. पुढची बांधी नांगरून, चिखल करून, पाणी बांधून तयार असते. रोवणाऱ्या बाया कंबरेत वाकून एकेक चूड बोटांनी दाबतात. साठ वर्षांच्या माणसाला त्याच्या आंब्यापासून आणि मसणवट्यापासून उचलण्याला रोवणी म्हणू नये. त्या शब्दात आपल्या आयाबायांची कंबर गेलेली आहे.

भवभूतीकडे परत येतो, कारण इथे मला त्याच्याशी भांडायचं आहे. राम त्या अरण्यात कशासाठी आलेला असतो? शंबूकाला मारायला. शूद्र असून तप करतो, एवढाच त्याचा गुन्हा. भवभूतीचा हात इथे कापला आहे हे खरं. त्याचा राम स्वतःच्या उजव्या हाताला निष्ठुर व्हायला सांगतो, त्याला हे सोपं जात नाही. पण वार होतो. आणि लगेच शंबूक दिव्य पुरुष होऊन उभा राहतो, रामाचे आभार मानतो आणि बदललेलं अरण्य त्याला दाखवत हिंडतो. ज्याला मारलं तोच वाटाड्या. पतन झालं आणि दोन घटकांत नवा देह मिळाला.

या जिल्ह्यात उभं राहून मला ते वाचता येत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे जमावाने मारले. ते दलित होते, बौद्ध होते, आपली शेती कसून मुलांना शिकवत होते. खटला आपल्याच शहरात चालला. या सभागृहातल्या अनेकांनी तेव्हा न्यायालयासमोरची गर्दी पाहिली असेल. त्या घरातले एकटे वाचलेले भैयालाल भोतमांगे २०१७ साली गेले. तिथे कुणी दिव्य देह घेऊन उठलं नाही. कुणी आभार मानले नाहीत.

निसर्गात पडझड होते आणि उगवण होते, तशीच माणसात होते, असं बोलणाऱ्याला मी म्हणूनच अर्ध्यावर थांबवतो. पान गळणं वेगळं. माणसाला मारणं वेगळं. नदीला पूर येतो हा ऋतू आहे. पूर येणार हे ठाऊक असताना खालच्या वस्तीला वेळेत न सांगणं हा ऋतू नाही. चक्राची भाषा सांत्वन करते, आणि ज्याला सांत्वनाची गरज नसून न्यायाची गरज आहे त्याच्यासमोर ती वापरली की ती त्याच्याविरुद्ध जाते. चांगल्या कलावंताला हे कुठे तरी ठाऊक असतं. भवभूतीला ते दुसऱ्या अंकात ठाऊक नव्हतं असं मी म्हणेन. सातव्या अंकात होतं.

पण सातव्याच्या आधी तिसरा येतो, आणि त्या अंकाचं नाव आहे 'छाया'. सीता अदृश्य रूपाने पंचवटीत येते. रामाला ती दिसत नाही. तो मूर्च्छित पडतो आणि तिच्या स्पर्शाने शुद्धीवर येतो, पण समोर कुणी नसतं. तिच्याबरोबर आहे तमसा नावाची नदी. या अंकात नद्या बोलतात, एकमेकींना निरोप देतात, माणसांची काळजी वाहतात. सीतेने वाढवलेलं हत्तीचं पिल्लू आता दांडगं झालंय. तिने टाळी वाजवून नाचायला शिकवलेला मोर कदंबावर बसलाय, आणि तो कदंबही तिनेच लावलेला. माणसाचं घर मोडलं, पण त्याच्या हाताने लावलेलं रानात वाढत राहिलं. मला हा अंक सगळ्या नाटकात श्रेष्ठ वाटतो.

छाया हा शब्द आपल्याकडे दगडावर कोरलेलाही आहे. पवनीला एक स्तंभ सापडला, तो आता नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. त्यावरच्या लेखात म्हटलं आहे की हा महाक्षत्रप कुमार रूपियम्म याचा छायास्तंभ. छायास्तंभ म्हणजे स्मारक, गेलेल्याची सावली जिथे उभी राहते तो खांब. तो लेखही मिराशींनीच वाचला. स्मृतिव्याख्यानाला उभं राहताना मला आज सकाळपासून तो शब्द आठवतो आहे. आपण दर वर्षी इथे येऊन जे करतो, त्याला आपल्या जिल्ह्यात फार जुनं नाव आहे.

पवनीविषयी अजून एक सांगतो. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी, शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांच्या देखरेखीखाली, तिथल्या टेकड्यांचं उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडी म्हणून लोक जिला ओळखत होते तिच्या पोटात विटांचा प्रचंड स्तूप निघाला, इसवी सनाच्या आधीच्या शतकांतला, आकाराने सांचीच्या पंक्तीला बसणारा. पडलेल्या स्तूपाची टेकडी झाली होती, टेकडीवर देऊळ आलं होतं, नाव बदललं होतं. दगडी अवशेषांत एक शिल्प आहे, नागराज मुचलिंदाचं, ब्राह्मीत त्याचं नाव घातलेलं. बोधीनंतर सात दिवस वादळी पाऊस कोसळत होता आणि या नागाने आपला फणा धरून बुद्धाला झाकलं, ती कथा. त्या काळच्या रीतीप्रमाणे बुद्धाची मूर्ती नाही, नुसतं आसन आहे. रिकाम्या आसनावर फणा धरलेला आहे. वैनगंगेच्या काठावर, जिथे पाऊस आणि पूर हे पिढ्यान् पिढ्यांचं भय आहे, तिथल्या शिल्पकाराने बुद्धाच्या आयुष्यातून पावसाचा प्रसंग घडवला. त्याला काय वाटलं असेल ते मला माहीत नाही, पण पुरानंतरच्या महिन्यात मी जेव्हा ते शिल्प आठवलं, तेव्हा मला फणा दिसला नाही, ते आसन दिसलं. कुणाला तरी पावसातून वाचवायचंय आणि तो माणूस दिसत नाहीये, तरी छत्र धरून उभं राहायचं.

असं छत्र धरणारे लोक मी पाहिले आहेत, ते चिखलात गुडघाभर उभे होते. आपला जिल्हा तलावांचा. परंपरा सांगते की चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला जमीन देऊ केली आणि कोहळ्यांनी या प्रदेशात पाळी घालून पाणी अडवलं. तलावाचं पाणी तुडुमातून शेतात, उन्हाळ्यात तलावातला गाळ काढून पुन्हा शेतात. शेताची झीज तलाव भरून काढायचा आणि तलावाचं पोट शेत रिकामं करायचं. पुढे मालगुजारी आली, तलाव मालगुजारांचे झाले. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. मालगुजारी गेली हे चांगलंच झालं. पण तलावाचा गाळ कुणी काढायचा, या प्रश्नाला त्यानंतर घरातलं माणूस उरलं नाही. सरकारी कागदावर त्यांचं नाव 'माजी मालगुजारी तलाव', आणि आपण सगळे म्हणतो 'मामा तलाव'. गाळ साचला, बेशरमाची झुडपं आत शिरली, देशी मासे कमी झाले, पाण्यातली वनस्पती गेली, आणि तिच्यावर जगणारी पाखरंही. सारस आपल्या आणि गोंदियाच्या भागात आता मोजकेच उरलेत.

मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर समाजाबरोबर तलावांवर जे काम केलं ते आपल्याला ठाऊक असेल. त्यांनी आधी म्हाताऱ्या मासेमारांना विचारलं, तलावात पूर्वी काय काय होतं. त्यांच्या आठवणीतून याद्या झाल्या, माशांच्या आणि वनस्पतींच्या. बेशरम मुळासकट उपटली. तळ नांगरला. आणि मग दुसऱ्या तलावातून आणलेले गाद या वनस्पतीचे कंद, देवधान, पाण्याखालची गवतं बायांनी हाताने रोवली. मी तिथे उभा होतो तेव्हा एक बाई खांद्यावरच्या टोपलीतून कंद काढून अंगठ्याने चिखलात दाबत होती, अगदी धान रोवताना दाबतात तसा. मी विचारलं, हे लावायला लागतं? आपोआप येत नाही? ती वाकलेली तशीच म्हणाली, "आपोआप बेशरम येते."

मी कलेवर बोलायला आलो आणि तलावात रमलो, असं कुणाला वाटत असेल. मला ते काम कलेच्या बाहेरचं वाटत नाही. जे गेलं ते आठवून, हाताने, पुन्हा घडवणं यालाच मी कला म्हणतो, मग ते दगडात असो की चिखलात. अभ्यास मंडळाच्या नावात निसर्ग आणि संस्कृती हे दोन शब्द शेजारी आहेत, ते उगाच नाहीत.

आणि आता रंगमंच. झाडीपट्टीत राहून नाटकावर न बोलता मी खाली बसलो तर गुरुजी मला क्षमा करणार नाहीत. धान कापून झालं, चुरणं आटोपलं की रिकाम्या बांधीत मंडप पडतो. खाली धसकटं टोचतात म्हणून तनस अंथरलेली असते. ज्या शेतातलं पीक संपलं, त्याच शेतात, त्याच पिकाच्या काडीवर बसून गाव रात्रभर नाटक बघतं. आधी दंडार होती, खडी गंमत होती. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी दंडारीचा आणि झाडीबोलीचा अभ्यास उभा केला नसता तर त्यातलं बरंच कोणी लिहून ठेवलं नसतं. मग संगीत नाटकं आली. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. पटाला आलेले पाहुणे रात्री प्रेक्षक होत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि अनेक गावांचा तो जुना मेळ तुटला. नाटकं थांबली नाहीत, मंडईच्या जत्रांवर आणि इतर निमित्तांवर उभी राहिली. २०२० च्या हंगामात महामारीने तेही निमित्त काढून घेतलं. ज्यांचं वर्षाचं पोट दिवाळी ते होळी एवढ्या रात्रींवर चालतं, त्या नटांनी, ऑर्गनवाल्यांनी, पडदे रंगवणाऱ्यांनी ते वर्ष कसं काढलं, हे त्यांच्या घरात जाऊन विचारायला हवं. पुढच्या हंगामात मंडप पुन्हा पडले. २०२३ मध्ये शर्यतींचा प्रश्नही न्यायालयात मिटला. मी त्या वर्षी एका गावात नाटकाला गेलो. पहाटे तीनला, तिसऱ्या अंकाच्या आधी, थंडीने आखडलेला ऑर्गनवाला आपली बोटं कंदिलावर शेकत बसला होता. मग तो उठला आणि सूर धरला.

भवभूतीचा सातवा अंक असाच उघड्यावर आहे. गंगेच्या काठावर वाल्मीकीने नाटक बसवलेलं आहे, अप्सरा भूमिका करतायत, आणि प्रेक्षकांत राम बसलेला आहे. त्याच्यासमोर सीतेच्या त्यागानंतरचं सगळं घडतं. गरोदर सीता पाण्यात उडी घेते, नदी आणि पृथ्वी तिला सावरतात. राम ओरडतो, हे नाटक आहे हे विसरतो, कोसळतो. राजाला आपण काय केलं ते बघावं लागतं. सगळ्या प्रजेबरोबर, त्याच मंडपात बसून. त्यानंतरच खरी सीता समोर येते. वाल्मीकीच्या रामायणात ती पृथ्वीत जाते, कायमची. भवभूतीने शेवट बदलला, आणि अनेक टीकाकारांनी त्याला नाट्यशास्त्राच्या नियमासाठी केलेली तडजोड म्हटलं. मला तसं वाटत नाही. पुनर्मीलनाची किंमत त्याने सांगितली आहे. ज्याच्या हातून पडलं, त्याने आधी बघायचं.

आपल्या झाडीच्या रंगमंचाने हुंड्यावर नाटकं केली, दारूवर केली, सासुरवाशिणीवर केली. ती बघताना पुरुष तोंडावर उपरणं धरून रडलेले मी पाहिले आहेत. खैरलांजीवर पुस्तकं आली, आनंद तेलतुंबडे यांचं पुस्तक जगभर वाचलं गेलं. पण आपल्या बांधीत, तनशीवर बसलेल्या गावासमोर, ते उभं राहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही. इथे काही नाटककार बसले आहेत, निर्माते बसले आहेत, म्हणून मी हे मुद्दाम बोलतो. अवघड आहे, तिकीट खपणार नाही, गावातली माणसं उठून जातील, हे सगळं मी ऐकलेलं आहे. पहिल्या रात्री जातील. पण मंडप त्याच गावात पडायला हवा, आणि पहिल्या रांगेत कोण बसतं ते बघायला हवं. शंबूकाला दिव्य देह देऊन मोकळं होणारं नाटक मला नको. त्याला बोलू देणारं हवं.

माझं बोलणं लांबलं. त्या गुंडाचं काय झालं एवढं सांगतो.

मोडीचे पैसे वजा करून मी एक नवा गुंड घेतला. त्यात आमच्या गुंडाचं पितळ किती आलं असेल, कारागिराला विचारलं. तो म्हणाला, "ढीग सगळ्यांचा आहे, साहेब." म्हणजे माझ्या घरात आता कुणाची तरी समई आहे, कुणाच्या देवघरातली घंटी आहे, आणि आजीची कळशी कुणाकुणाकडे वाटली गेली आहे. नाव घालायला मी दुसऱ्या गल्लीत गेलो. तिथला मुलगा विजेच्या सुईने नाव घालतो, दोन मिनिटांत. त्याने नाव विचारलं. मी आईचं माहेरचं नाव सांगितलं. त्याने कागदावर लिहून मला दाखवलं, शुद्ध, ऱ्हस्व वेलांटीचं. मी म्हटलं, दीर्घ कर. तो म्हणाला, चुकीचं होईल. मी म्हटलं, होऊ दे.

मग त्याने विचारलं, साल कोणतं घालू, पहिलं की आताचं? मी आईला फोन लावला. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जागा असेल तर दोन्ही घाल. आणि माझ्या आईचं लग्न कोणत्या साली झालं ते मला आठवत नाही, नाहीतर तेही घातलं असतं."

मुलाने काठाखाली गुंड फिरवून जागा मोजली आणि सुई लावली.